वरच्या खात्यातला लमसेना

पहाटे साडेचार वाजता, १९५६च्या चैत्रात, एटापल्लीजवळच्या रानात कोलूच्या मोहाच्या झाडाखाली ढोपरभर फुलं साचली. शेजारच्या झाडांखाली रोजच्याइतकीच पडली होती.

चूक स्वर्गातली होती. चांदा जिल्ह्यातल्या मोहाची फुलं खाली सोडायचं काम तिथल्या एका शाखेकडे होतं आणि शाखेचे साहेब होते गुणवंतराव. जिवंतपणी ते तहसील कचेरीत कारकून होते. मेल्यावरही वेळेच्या आत हजर. त्यांच्या हाताखाली लालसू. मधाचं पोळं काढताना झाडावरून पडला आणि थेट इथे रुजू झाला. काम सोपं होतं. टोपली भरायची, झाड बघायचं, पहाटे हलक्या हाताने फुलं सोडायची.

त्या मोसमात सोमारी शाखेत नवी आली. कोलूची एकुलती एक मुलगी, मागच्या पावसाळ्यात तापाने गेलेली. पहिल्याच दिवशी वाट चुकून ती लालसूच्या टोपलीवर आदळली आणि फुलं ढगभर सांडली. दोघं वाकून वेचू लागली. तिच्या केसांना धुराचा, रानाचा वास अजून होता... लालसू एकच फूल पुन्हा पुन्हा उचलत राहिला.

"तुले वेचता येत नाई का?"

"येते. पर घाई काऊन करू?"

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिची वाट पुन्हा चुकली.

मग दोघं ढगाच्या काठावर बसू लागली. खालचं सगळं तिथून दिसे, ऐकूही येई. वरचा आवाज तेवढा खाली जात नसे. गावात रेलाचा नाच सुरू झाला की सोमारीचे पाय आपोआप हलत. थंडीतल्या शेकोट्या, पिकलेली टेंभरं, नदीतले मासे — कोणाला काय जास्त आठवतं यावरून भांडण होई.

एकदा लालसूने लग्नाचं विचारलं. तिने बापाकडे बोट दाखवलं. त्यांच्या समाजात मुलगी हवी असेल तर मुलाने तिच्या बापाच्या घरी राबायचं. अशा मुलाला लमसेना म्हणत. बापाला काम पटलं, तरच लग्न.

"मेली म्हणून का मी फुकट येऊ?" सोमारी म्हणाली. "राब त्याच्या घरी."

"इथून?"

"इथूनच. दिसन त्याले."

तेव्हापासून कोलूच्या झाडावर रोज थोडी जास्त फुलं पडू लागली. आणि त्या पहाटे सोमारीने टोपली देताना लालसूच्या हातावरचा हात जरा उशिरा काढला — त्याने शिलकीतल्या सगळ्या टोपल्या त्या एका झाडावर रित्या केल्या.

सूर्य उगवायच्या आत अस्वलांच्या विभागाची तक्रार आली. आसपासची सगळी अस्वलं कोलूच्या झाडाकडे निघाली होती, आणि मोठ्या मिनतवारीने परत फिरवावी लागली. गुणवंतरावांनी विचारताच लालसूने खरं सांगितलं. नियमात लमसेना कुठेच नव्हता. शिक्षा मात्र होती: खाली नवा जन्म, एकट्याने. खाली गेलेल्याला वरचं काही आठवत नाही.

सोमारी पुढे आली.

"साहेब," ती म्हणाली, "माह्या बापाले तर विचारा."

विचारणार कसं? तिघंही काठावर जाऊन वाकली.

कोलू फुलांच्या राशीत बसला होता. वेचत नव्हता. त्याने शेजारची झाडं पाहिली, मग आपलं पाहिलं. न सांगता कोणी आपल्यासाठी एवढं राबतंय, याचा त्याला ठाऊक असलेला अर्थ एकच होता. पण घरात आता मुलगी नव्हती. त्याने मान वर केली.

"कोण हायेस रे? पोरगी तिथीच हाये ना... बरी हाये ना?"

सोमारीचे ओठ हलले. मग तिने एक फूल उचललं आणि अलगद सोडलं. ते त्याच्या गुडघ्यावर पडलं.

कोलूने ते उचललं. मुठीत धरलं. मग खाकरला.

"काम बरं हाये तुहं. पर वेचायले मी एकटाच हाओ, जरा दमानं टाक. अन् एका सालात पोरगी नाई भेटत. पुढच्या सालीबी यावं लागन."

लालसूने सोमारीकडे पाहिलं. ती खालीच बघत होती. तिने न बघताच त्याचं बोट धरलं.

गुणवंतरावांनी त्याच दिवशी वरच्या कचेरीला विचारलं की, मुलीच्या बापाने पुढच्या सालाचं काम सांगितलं असताना माणसाला खाली जन्माला पाठवता येतं का. नोव्हेंबरात चांदा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, तेव्हा हे प्रकरणही नव्या कचेरीकडे गेलं.

१९५७चा चैत्र लागला आहे. लालसू कामावर आहे. वरून उत्तर आलेलं नाही.