दारातले दोन पाय

विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. असल्या गोष्टी वाचताना मी स्वतःच निम्म्यात सोडून देते. पण ही माझ्या बाबतीत घडली आहे. रात्री नाही. मंगळवारी, दुपारी तीन वाजता, लख्ख उन्हात.

गावाबाहेर एक जुनं मातीचं घर आहे. उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचं. पुढची खोली, मागची खोली, मध्ये एक बुटकं दार. ते दुरुस्त करून लोकांना बघायला खुलं करायचं होतं.

गिलावा माझ्या दादाकडे होता. तो मातीच्या भिंतींचा मिस्त्री. मी जुन्या कागदपत्रांच्या कचेरीत काम करते, म्हणून घराच्या इतिहासाची पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलं. दादा मला चिडवायला 'कारकूनबाई' म्हणतो. त्याच्या कामाच्या वहीत रोज हवा कशी होती, मातीत भुसा किती घातला, कोण आलं, एवढं लिहिलेलं असतं. माझी नोंद ठरलेली. 'कारकूनबाई आल्या. डबा आणला.'

एक गोष्ट आधी सांगायला हवी.

मातीचा गिलावा एका दमात संपवावा लागतो. मध्येच थांबलं की सांधा पडतो, आणि भिंत नेमकी तिथेच तडकते. म्हणून आमच्या घरात पहिल्यापासून एक नियम. भिंत ओली असताना दादाला हाक मारायची नाही. वहिनी लग्न होऊन आली, तेव्हा तिलाही आईने आधी हेच सांगितलं होतं.

तीन महिन्यांपूर्वी आई दवाखान्यात होती. दुपारी दोन वीसला मला फोन आला. आई दादाला बोलावतेय, लगेच या.

मी त्याच्या कामावर पोचले. भिंत अर्धी झाली होती.

मी दारात उभी राहिले. चाळीस मिनिटं. त्याने शेवटचा हात फिरवला, वळून पाहिलं, तेव्हा म्हणाले, "दादा, आत्ताच फोन आला."

आम्ही पोचलो तेव्हा आई गेली होती. दहा मिनिटं झाली होती.

दादाला ते 'आत्ताच' खरं वाटलं. मी तेव्हा रडले नाही, नंतरही नाही. जेवते, कामावर जाते, झोपते. आत काही हलत नाही.

तर ते घर.

पहिल्या मालकाची वही आमच्या कचेरीतच सापडली. साच्यात विटा पाडणारा माणूस. घराची एकूण एक वीट त्याने स्वतः पाडली होती. बायको पुढच्या खोलीत तापाने पडलेली, आणि हा मागच्या खोलीची भिंत लिंपत होता. त्याने लिहिलंय...

'तिने मला बोलवायला मुलीला पाठवलं. मुलगी दारात उभी राहिली. भिंत संपेपर्यंत तिने हाक मारली नाही.'

पुढच्या ओळीत बायको गेल्याची तारीख.

त्यानंतर दर वर्षी त्याच तारखेला एकच नोंद. 'मागच्या भिंतीला एक थर दिला.' अशी बत्तीस वर्षं.

मुलीचा उल्लेख पुन्हा कुठेच नाही. लग्न नाही, आजारपण नाही, मरण नाही. मी वही तीनदा वाचली.

हे मी दादाला सांगितलं नाही. काय तोंडाने सांगणार?

दुरुस्तीसाठी दादाने मागच्या भिंतीचा कोपरा खरवडला. एकावर एक तेहतीस थर निघाले. मग त्याने दाराजवळची जमीन उकरली आणि मला बोलावलं.

मधल्या दारात, जुन्या मातीत, दोन पावलं उमटली होती. अनवाणी, लहान, शेजारी शेजारी. भिंतीकडे तोंड करून.

"कुणीतरी ओल्यात उभं राहिलंय," दादा म्हणाला. "बराच वेळ. बघ किती खोल गेलेत पाय."

त्याने माती भरून जमीन सारखी केली.

दुसऱ्या दिवशी पावलं पुन्हा होती.

"माती बसली असेल," तो म्हणाला, आणि परत भरली. तिसऱ्या दिवशीही ती होती. त्याने भरणं सोडून दिलं.

मग तो मंगळवार.

दादा मागची भिंत लिंपत होता. मी पुढच्या खोलीत टेपने मापं घेत होते. चप्पल बाहेर काढलेली. त्याच्या हाताचा आवाज येत होता. थप... थप... मग हात फिरवल्याची सरसर.

दाराचं माप घ्यायला मी मधल्या दाराशी गेले.

तेवढ्यात माझ्या मागे कुणीतरी खोकलं.

पुढच्या खोलीत कोणी नव्हतं. मी तिथूनच आले होते.

मग बाईचा आवाज आला. दमलेला. अगदी हळू...

"त्याला बोलाव."

मी वळायचा प्रयत्न केला. पाय हलेनात. खाली पाहिलं.

मी त्या पावलांमध्ये उभी होते. लहान पावलं, तरी माझे पाय त्यात नेमके बसले होते. जमीन कोरडी ठणठणीत, पण मला घोट्यापर्यंत गार चिखल लागत होता.

"त्याला बोलाव ना..."

दादा चार हात अंतरावर होता. 'दादा' म्हटलं असतं तर त्याने ऐकलं असतं. पण भिंत ओली होती. मी हाक मारली नाही. खरं सांगायचं तर भीतीही वाटत नव्हती. गुडघ्यापर्यंत सगळं बधिर झालं होतं, आणि वर मी आधीपासून तशीच होते.

आवाज आणखी दोनदा आला. मग थांबला.

थप... थप... एवढंच उरलं.

दादाने शेवटचा हात फिरवला. फडक्याला हात पुसत वळला. मला पाहिलं आणि तसाच थांबला.

"कधीपासून उभी आहेस?"

"आत्ताच आले, दादा."

त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. मीही पाहिलं. घोट्यापर्यंत चिखल होता. वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

दादा किती तरी वेळ त्या भेगांकडे बघत राहिला. ओला चिखल वाळायला किती वेळ लागतो, ते त्याच्याइतकं कुणाला कळणार.

"त्या दिवशीही आत्ताच आली होतीस?" त्याने विचारलं.

मी 'हो' म्हणाले.

त्याने मान हलवली, घमेलं उचललं आणि माझ्या बाजूने बाहेर गेला.

काम पुढे दहा दिवस चाललं. मी रोज डबा घेऊन जायचे. तो रोज जेवायचा. बोलत नव्हता, पण कामात तो तसाही बोलत नाही.

शेवटच्या दिवशी मी सहज त्याची वही चाळली.

मंगळवारपर्यंत माझी नोंद होती. बुधवारी... 'हवा कोरडी. भुसा अर्धं घमेलं. कोणी आलं नाही.' गुरुवारी, 'कोणी आलं नाही.' शुक्रवारी तेच. दहाही दिवस तेच.

"दादा, मी रोज येत होते."

त्याने वर पाहिलं. माझ्या जरा बाजूला.

"कधी?"

रागावलेला दादा मला चांगला ठाऊक आहे. त्याचे कान लाल होतात. तेव्हा कान लाल नव्हते.

पाटी लागली आहे. त्यावर मालक आहे, त्याच्या विटा आहेत, तेहतीस थर आहेत. मुलीचं काही नाही. त्या दिवसानंतरचं तिचं कागदावर काही नव्हतंच.

दादा असल्या भुताखेतांच्या गोष्टी वाचत नाही, म्हणून खरं काय ते इथे लिहिलं. दोन वीसला फोन आला होता. मी चाळीस मिनिटं उभी होते.

हे त्याला तोंडावर सांगायला काल त्याच्या घरी गेले. दार उघडंच होतं. वहिनी भाजी निवडत होती, दादा पेपर वाचत होता. वहिनीने दाराकडे पाहिलं, आणि पुन्हा मान खाली घालून भाजी निवडू लागली.

कुणीतरी 'ये ना आत' म्हणेल म्हणून मी उंबऱ्याशी थांबले.

पाय गार पडत गेले.

उजेड जाईपर्यंत मी तिथेच होते. हाक मारता आली नाही.