दहा आकड्यांचा अंधार

दहा आकडे मोजेपर्यंत बॅटरी बंद ठेवायची, असा त्या गुहेतल्या गाईडचा शिरस्ता होता. हजारो वर्षांपूर्वी इथे चित्रं काढणाऱ्यांनी कसला अंधार पाहिला असेल, ते लोकांना कळावं म्हणून.

"कुणी हलायचं नाही हं," तो म्हणाला आणि बॅटरी विझली. "एक... दोन... तीन..."

चारच्या आकड्याला, गटात भिंतीलगत उभ्या असलेल्या तिच्या हातावर कुणाचा तरी हात आला.

चाचपडत आला, दचकून थबकला... आणि तिथेच राहिला. उबदार, जरासा खरखरीत. दहाला उजेड झाला तेव्हा तिचा हात एकटाच होता, आणि गाईड दोन पावलांवर उभा राहून गेरूने रंगवलेल्या बैलाच्या शिंगांबद्दल बोलत होता.

तिला राग यायला हवा होता. तो कुठे अडकला होता कोण जाणे! हात हिसकावून घ्यायला चांगले सहा आकडे मिळाले होते, आणि तिने त्यातला एकही वापरला नव्हता.

बाहेर तिकीट खिडकीजवळच्या बाकावर मावशी बसली होती. गुडघ्यांमुळे ती आत आलीच नव्हती.

"कसे होते बैल?"

"कुठले बैल?"

"अगं, बैल दाखवायला म्हणून मला इतक्या लांब आणलंस ना तू?"

मावशीची ही भाची इस्पितळात एक्स-रे काढायची. दिवसभर लोकांचे हात धरून प्लेटवर सरळ ठेवायचे, हेच काम. त्यामुळे अंधारातल्या त्या हाताची करंगळी कधीतरी मोडून वाकडी जुळली आहे, एवढं तिला न बघता कळलं होतं. ती बाकावर बसून गटातल्या एकेकाची बोटं न्याहाळू लागली. निवृत्त मास्तर सँडविच खात होते... करंगळ्या सरळ. त्यांच्या बायकोच्याही सरळ. तेवढ्यात गाईड हेल्मेट गोळा करत आला. तिने हेल्मेट पुढे केलं, त्याने घेतलं, आणि...

"ही कधी मोडली?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"शाळेत असताना. झाडावरून पडलो." तो हेल्मेटकडेच बघत होता. "मोडली होती हे कसं ओळखलंत?"

"माझं कामच आहे ते."

"बरं," तो म्हणाला, आणि लाल झालेले कान घेऊन भराभर निघून गेला.

ती उठली. "मावशी, मी जरा परत आत जाऊन येते."

"तेच बैल बघायला?"

"नीट दिसले नाहीत गं."

"मग चष्मा बदल. चारची बस आहे, विसरू नकोस."

पुढची फेरी जेवणानंतर, तीनला होती. तीत ती हटकून त्याच जागी उभी राहिली, भिंतीतून पुढे आलेल्या खडकाला टेकून. हात आला तर काय करायचं, हे ठरलं नव्हतं. नाही आला तर, हेही नाही.

एक... दोन... चार गेला. पाच गेला. मोजणारा आवाज किंचित कापत होता. सातनंतर एकदम "दहा!" आणि लख्ख उजेड. तिचा हात तसाच पुढे, रिकामा. गाईडच्या कपाळावर घाम.

म्हणजे सकाळचं काय होतं मग? रोज कुणाचा ना कुणाचा हात धरायची सवय? की आता आपला नको झाला? आणि नको तर नको, त्याचं आपल्याला एवढं का लागावं?

बाहेर आल्यावर तिने त्याला गाठलंच.

"आठ आणि नऊ कुठे गेले?"

"राहिले."

"सकाळी नव्हते राहिले."

तो हेल्मेटचा पट्टा पिळत राहिला. "कुणाला सांगणार नसाल तर... मला अंधाराची भीती वाटते."

"तुम्ही गुहेत गाईड आहात."

"बॅटरी असते ना एरवी." तो ओशाळला. "अंधार केला की मी तो खडक धरून उभा राहतो. सहा वर्षं धरतोय. सकाळी खडकापुढे तुम्ही होतात, ते दिसलंच नाही. चुकून धरला गेला तुमचा हात."

"चुकून," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला.

"धरला चुकून. चारला. पाचला कळलं, हा खडक नाही. त्याच्या पुढचं... ते काही चुकून नव्हतं. माफी मागायची होती. सकाळपासून शब्द जुळवतोय."

"आणि आत्ता?"

"आत्ता तुम्ही पुन्हा तिथेच. खडकाला हात लावायला जागा नाही, आणि न विचारता तुमचा धरायचा म्हणजे... नको वाटलं. कशालाच धरलं नाही मग. सातपर्यंत टिकलो."

तिला हसू आलं. मग रडू येईलसं वाटलं, मग परत हसू. खाली वळणावर बस येऊन थांबली. मावशी पिशव्या सावरत उठली. "अगं ए, येतेस की त्या बैलांच्याच घरी नांदतेस?"

"विचारा मग," ती त्याला म्हणाली.

"काय?"

"आत जे विचारलं नाहीत ते."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. भर ऊन. तिकीट खिडकीतला माणूस, मास्तर, मास्तरांची बायको, सगळे इकडेच बघत होते.

"धरू?"

"बसपर्यंत," ती म्हणाली.

बस शंभर पावलांवर होती. दोघं इतकी रेंगाळत निघाली की मावशीला ड्रायव्हरशी भांडण उकरून काढून बस थांबवावी लागली.