चार ते सहाची हवा

"माझी वही खोटी ठरली तर दवाखान्याला आजच कुलूप लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चौकशी अधिकारी साडेतीनला येताहेत."

वहीत एकशे चाळीस मुलं होती. शाळा सुटली की धापा टाकत यायची. बाई प्रत्येकाला नळीत फुंकायला लावायच्या, आकडा लिहायच्या. सहा वर्षं एकही दिवस खाडा नाही. पण दवाखान्याच्या गच्चीवरचं हवा मोजणारं यंत्र सांगायचं, हवा उत्तम आहे. म्हणून बाईंनी रोगी मनानेच रचले, असा आरोप होता.

"यंत्र कशाला खोटं बोलेल, वहिनी?" भावजींनी विचारलं. वहिनी खाजगी तपास करायच्या. त्यांची पिशवी सांभाळायची आणि भलत्याच माणसावर संशय घ्यायचा, ही दोन कामं भावजी मन लावून करायचे.

आधी समोरचा लोखंडाच्या भट्टीचा मालक भेटला. "उगाच माझ्यावर खापर फोडू नका," तो कागद नाचवत म्हणाला. "भट्टी चारला पेटते, सहाला विझते. यंत्राचे आकडे बघा. चार ते सहा हवा सगळ्यात स्वच्छ."

"हाच तो," भावजी कुजबुजले. "यंत्रवाल्याला फितवलं असणार."

यंत्रवाला महिन्यातून एकदा यायचा; आज चौकशीसाठी आला होता. "पेटीला कुलूप आहे, आत बोट जात नाही," तो म्हणाला. "रखवालदाराला बजावलंय, काजळी बसू द्यायची नाही."

रखवालदारकाका गच्चीवरच होते. कठडा काळा, फरशी काळी, पेटी मात्र लखलखीत. शेजारी पाण्याची बादली आणि दोरीवर काळंकुट्ट, ओलं गोणपाट.

"जिवापाड जपतो मी पेटीला," काका खोकत म्हणाले. भावजींना भरून आलं.

अधिकारी आल्यावर वहिनींनी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं.

"भट्टी पेटल्यावर हवा बिघडायला हवी. इथं ती सुधारते. म्हणजे ते दोन तास पेटीपर्यंत धूर पोचतच नाही. पेटी उघडता येत नाही, पण झाकता येते. ओलं गोणपाट फरशी पुसायला म्हणावं, तर फरशी काळीच आहे. काका, धूर आला की तुम्ही ते पेटीवर टाकता ना?"

"टाकणारच की," काका म्हणाले. "काजळी चढली तर माझ्या अंगाशी येईल. सहाला काढतो."

यंत्रवाल्याने कपाळावर हात मारून घेतला.

चार वाजले. समोरून धूर उठला. काकांचा हात सवयीने गोणपाटाकडे गेला, वहिनींनी तो हळूच धरला. "आज राहू द्या."

पेटीवरचा आकडा चढू लागला. साठ. एकशे दहा. तीनशे. भट्टीवाला स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला.

अधिकाऱ्यांनी वही चाळली आणि दोन्ही हातांनी डॉक्टरीणबाईंना परत दिली. "दवाखाना चालू राहील. भट्टीचं मी बघतो."

भावजी एकदा बाईंकडे, एकदा वहिनींकडे बघत होते. कुणाचं कौतुक आधी करावं, तेच त्यांना कळेना.

"ते दोन तास तुम्ही कुठं असता, काका?" वहिनींनी विचारलं.

"इथंच. गोणपाट वाऱ्यानं उडतं, म्हणून धरून बसतो."

"नाकाला काय बांधता?"

काका हसले. हसता हसता खोकल्याची ढास लागली आणि ते कठड्याला टेकले. "मला कशाला, बाई? माझ्या छातीवर कुठं आकडे उमटतात?"

डॉक्टरीणबाई त्यांच्याजवळ खाली बसल्या आणि त्यांनी स्टेथोस्कोप काकांच्या पाठीला लावला.

"उमटतात, काका," त्या म्हणाल्या. "श्वास घ्या."