जिन्यावरची शांतता

ती थांबली की मागची पावलंही थांबत. ती निघाली की टक्... टक्... तीही निघत. भरदुपारची वेळ, कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात चिटपाखरू नाही. मुद्दाम तिने एक पाऊल टाकलं आणि दुसरं हवेतच धरलं. टक्. आणि मग — काहीच नाही.

तेवढ्यात शेजारच्या खोलीच्या किलकिल्या दारातून तिला तो दिसला. दोन्ही हातांत बायकांच्या उंच टाचांच्या चपला घालून फरशीच्या तुकड्यावर ओणवा झालेला. समोर माइक, नजर थेट तिच्या पायांवर, आणि एक चपलेचा हात तसाच अधांतरी.

"माझी पावलं चोरतोस?"

"उसनी घेतली," तो ओशाळून म्हणाला. "सिनेमाला पावलांचे आवाज द्यायचा सराव करत होतो... तू थांबतेस छान."

वर्गात तिला सगळे रेडिओ म्हणत. ती छान थांबते, असं म्हणणारा हा पहिलाच. भांडायला म्हणून ती आत गेली, आणि तासाभराने बाहेर पडली ती त्याला आपल्या सिनेमाच्या कामाला जुंपूनच.

सिनेमा छोटासाच होता. घरात एकटी मुलगी, पाळण्यात झोपलेलं बाळ, आणि जिन्यावर कुणाची तरी चाहूल. ताईचं घर, ताईचंच बाळ. पण पहिल्यांदा बघताना सरांनी जांभई दाबली होती. महिनाअखेरच्या शुक्रवारी पुन्हा बघेन, तेव्हाही भीती वाटली नाही तर वर्षअखेरच्या जाहीर खेळातून हा सिनेमा गळेल, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. मग जिथे भीती कमी पडली तिथे तिने व्हायोलिन ओतलं होतं, त्यावर ढोल, वर ढगांचा गडगडाट. आमटी अळणी झाली म्हणून मुठीमुठीने मीठ टाकावं तसं.

तो फार बोलत नसे. तिने त्याचं नाव घुम्या ठेवलं, आणि त्यानेही ते मुकाट्याने घेतलं. गाजर मोडून तो बोटं मोडल्याचा आवाज काढी, जुन्या पट्ट्याला पीळ देऊन दार कुरकुरवी. आणि हळूहळू, तिची नजर चुकवून, एकेक व्हायोलिन उडवी.

"इथे काहीच नको," जिन्याच्या प्रसंगाला तो म्हणाला.

"काहीच? लोक उठून जातील रे!"

"लोक नाही जाणार. घाबरतेस तू."

ते तिला लागलं, कारण ते खरं होतं. लहानपणी आई-बाबांचं भांडण झालं की घरात दिवसदिवस कुणी बोलत नसे. मग तीच बोलत राही... शाळेतलं, शेजारचं, काहीही. तिने हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला सांगून गेली. तो समजूत घालायला धावला नाही. चहाचा कप तेवढा तिच्याकडे सरकवला.

प्रत्येक घराची शांतता वेगळी असते, असं त्याचं म्हणणं. म्हणून ताईच्या घराची शांतता टिपायला ते दोघं बाळाच्या झोपेच्या वेळी गेले. ताईने सवयीप्रमाणे बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू असल्याची खात्री करून घेतली आणि दारातून मान हलवली. दोघं जिन्यावर समोरासमोर उभे, मध्ये एकच पायरी. हलायचं नाही, बोलायचं नाही. तिची एक बट सुटून कपाळावर आली. तिने ती सारली नाही. तो बघत राहिला, इतकंच.

दुसऱ्या दिवशी तिने ती शांतता लावली आणि दचकली. तळाशी काहीतरी होतं. धप्... धप्... मऊ, खोल. मग एकाएकी जोरात, धपधप धपधप. अंगावर काटा आला. दारावरून जाणारे सरही थबकले. "हेच ठेव," म्हणाले आणि गेले.

घुम्या मात्र कानापर्यंत लाल झाला होता. "ते काढ."

"वेडा आहेस? सरांनी होकार दिलाय! कसं केलंस, उशीवर बुक्की मारून?"

"केलेलं नाही." तो माइकची वायर गुंडाळत राहिला. "कॉलरचा माइक माझ्याच शर्टात, छातीशी लावून बघत होतो. काढायचा विसरलो."

"मग मध्येच वेग का वा—"

ती थांबली.

"तुझी बट आली ना कपाळावर," तो वायरीशीच बोलला, "तेव्हा. ...सिनेमा तुझा आहे. ठेवायचं तर ठेव. पण माझं हे भर सभागृहात वाजावं असं मला वाटत नाही."

तो गेला. ती एकटीच पडद्यापुढे बसून राहिली. ढोल गेले होते, व्हायोलिनं गेली होती. हेही काढलं तर उरणार होती ती नुसती शांतता, जिच्यापासून ती आजवर पळत आली होती. तिने पुन्हा एकदा ते ऐकलं. मग पुसून टाकलं.

शुक्रवारी सर पुढच्या रांगेत, आणि मागे अर्धा वर्ग. घुम्या तिच्या शेजारी अंग चोरून बसला होता. जिन्याचा प्रसंग आला... आणि काहीच आलं नाही. लांबून फ्रिजची घरघर, बस्स. खुर्च्या कुरकुरायच्या थांबल्या. कुणीतरी शेजारणीचा दंड घट्ट धरला. बोलून ती शांतता मोडायचा मोह तिने आवरला. दार करकरलं तेव्हा सगळा वर्ग किंचाळला, आणि सरांच्या हातातला पेन खाली पडला.

दिवे लागले. सरांनी पेन उचलला आणि तिच्याकडे बघून मान डोलावली.

"काढलंस?" घुम्या पुटपुटला.

"हो. ते लोकांसाठी नव्हतंच."

"मग... तुझंही धडधडतं का?"

ती समोर बघत बसली. तो चुळबुळला, घसा खाकरला, आणि शेवटी ज्याच्या तोंडून चार शब्द काढायला महिना लागला होता, तोच काकुळतीला आला.

"अगं, बोल ना काहीतरी."

"थांब," ती म्हणाली. ओठांशी आलेलं हसू तिने दाबून धरलं. "थोडं ताणू दे."

आणि अगदी त्याचा जीव टांगणीला लागेपर्यंत ताणून, मगच ती त्याच्याकडे वळली.

"हो," म्हणाली.