चित्रापासून सातवं

आमची पहिली भेट झाली तेव्हा आम्ही दोघंही जिन्यात रांगत होतो.

छापखाना दुसऱ्या मजल्यावर होता. माझ्या बगलेत चित्रांची फाइल होती, तिची नाडी सकाळपासून सैल होती, आणि ती घट्ट बांधायला हवी हे मला सकाळपासून कळत होतं. कळतं पण वळत नाही, त्यातली मी. शेवटच्या वळणावर नाडी सुटली आणि माझी सत्तावीस चित्रं एकेक पायरी उतरत खाली निघाली. खालून एक उंच तरुण वर येत होता. त्यानं हातातला डबा कठड्यावर ठेवला आणि गुडघ्यांवर बसून चित्रं गोळा करायला लागला. कडा जराही न दुमडता, दोन बोटांनी. कागद धरायची सवय असलेला माणूस दिसत होता.

"पलंगांचं दुकान आहे का तुमचं?" त्यानं विचारलं.

मी काय म्हणून पाहिलं, तर त्यानं हातातली चित्रं पत्त्यांसारखी पसरून दाखवली. "एक घोडा, एक मासा, एक कान... आणि पलंग चार."

ही नक्षत्रं आहेत, मी म्हटलं. प्रत्येकाची एक खूण असते. पूर्वा आणि उत्तरा या दोघींत मिळून एक पलंग, दोन्ही भाद्रपदांत मिळून दुसरा, म्हणजे चारही अर्धेच. त्यानं ते अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं. मग शततारकेचं चित्र उचललं. त्यात फक्त एक रिकामं वर्तुळ होतं.

"हे काढायचं राहिलं वाटतं?"

त्या वर्तुळाला मला तीन दिवस लागले होते. मी त्याच्या हातातून ते जवळजवळ ओढूनच घेतलं, तुमच्यासारख्यांना नाही कळायचं, असं काहीतरी पुटपुटले आणि तरातरा वर गेले. छापखान्याला कुलूप होतं. मागून तो शांतपणे आला, खिशातून किल्ली काढली, दार उघडलं आणि "या ना" म्हणाला. झालं कल्याण, असं मी मनात म्हटलं.

मी शाळेच्या पुस्तकांत चित्रं काढते. बेडूक, बेडकाची अंडी, पुन्हा बेडूक, असं. ही नक्षत्रं मात्र आत्यासाठी होती. आत्याकडे लोक अडलेले प्रश्न घेऊन येतात. नोकरी बदलू का, भावाशी बोलू का, हे घर घेऊ का. आत्या कार्डं पालथी पसरते, समोरचा एक उचलतो, आणि त्या नक्षत्राचा स्वभाव काय, ते काय करायला सांगतं, हे आत्या सांगते. तिचा जुना संच तिनंच पुठ्ठा कापून बनवलेला होता. तीस वर्षांत तो इतका झिजला की रोहिणीचा फाटका कोपरा लोकांच्या बोटांना पाठ झाला. तेव्हा आत्यानं संच गुंडाळून ठेवला. ओळखून उचललेलं कार्ड खोटं, असं तिचं म्हणणं. खोटेपणा तिला मुळीच खपत नाही. आईबाबा गेल्यावर तिनंच मला वाढवलं, त्यामुळे हे मला चांगलंच ठाऊक आहे.

तर नवा संच छापायचा होता, आणि अडलं ते निळ्या रंगावर. सगळ्या कार्डांमागे रात्रीच्या आभाळाचा निळा हवा होता. पहिल्या प्रूफात तो जांभळा आला. दुसऱ्यात शाळेच्या गणवेशासारखा. तिसरं, चौथं, पाचवं प्रूफ... दर दोन दिवसांनी त्याचा फोन, की येऊन बघून जा. मी जायची. शाईचा वास, कटिंग मशीनचा धप्प आवाज, खिडकीतून येणारी पावसाची बारीक भुरभुर, आणि ओला कागद माझ्यासमोर धरून कागदाकडे न बघणारा तो. कोपऱ्यातल्या टेबलावर त्याची आई असायची. सगळे तिला बाईच म्हणत. ती दोन चष्मे एकावर एक चढवून मुद्रितं तपासायची आणि आमचं बोलणं ऐकू येत नाही असं दाखवायची.

पाचव्या वेळी मी म्हटलं, "आता बरोबर आलाय."

"तिसऱ्या वेळीच आला होता," तो म्हणाला.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर... चौथ्या वेळी आला असता तुम्ही?"

मी प्रूफ गुंडाळलं, उलगडलं, पुन्हा गुंडाळलं. कोपऱ्यातून बाई खोकल्या. त्यांना सर्दी नव्हती.

त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना तू म्हणायला लागलो. कधी लागलो ते दोघांनाही कळलं नाही. मग एकदा तो कुणाच्या तरी लग्नपत्रिकांचे कोपरे गोल करत असताना मी त्याला सहज विचारलं, तुझं नक्षत्र कोणतं. त्यानं हातातल्या गठ्ठ्यावर अंगठा फिरवला.

"मला नाही."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण बाईंनी त्याला दोन वर्षांचा असताना घरी आणलं होतं. कुठे जन्मला, कधी, कुणालाच माहीत नाही. घरी आणला तो दिवस वाढदिवस ठरला, पण जन्मवेळेशिवाय नक्षत्र कुठून आणणार? "शाळेत पोरं आपापलं नक्षत्र सांगायची," तो म्हणाला, "मी एकदा मंगळवार सांगितलं. वर्षभर मला मंगळवार म्हणत होते." तो हसला. मीही हसले. पण घरी येईपर्यंत तो मंगळवार माझ्या डोक्यातून जाईना. आपण या माणसाच्या प्रेमात पडलो आहोत हे मला त्या दिवशी स्वच्छ कळलं.

आत्याला मी त्याच आठवड्यात सांगितलं. तिनं पहिला प्रश्न अर्थातच त्याच्या नक्षत्राचा विचारला.

दोन माणसांचं जमेल का हे आत्या बोटांवर मोजते. मुलीच्या नक्षत्राला एक धरून मुलाच्या नक्षत्रापर्यंत यायचं, नऊ झाले की पुन्हा एकपासून. तिसरं, पाचवं, सातवं नको, सातवं तर नकोच नको. नववं सगळ्यांत उत्तम. आणि ज्याला जन्मवेळच माहीत नाही, त्यानं तिच्यासमोर एक कार्ड उचलायचं. जे येईल ते त्याचं, जन्मभरासाठी. पुन्हा उचलता येत नाही.

"रविवारी पाचला बोलाव त्याला," आत्या म्हणाली. "संच नवा आहे. कुणाचं बोटही लागलेलं नाही. बघू काय येतंय."

आता माझं नक्षत्र चित्रा. चित्रापासून मोजलं तर सत्तावीसांतली नऊ वाईट. आत्याच्या नको म्हणण्यापुढे माझं आजवर काही चाललेलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्या मनाविरुद्ध संसार मांडायचं धाडस माझ्यात नव्हतं. म्हणजे नऊ कार्डांवर माझं सगळं आयुष्य टांगलेलं होतं. त्याला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं, उत्तम कोणतं, एवढंच विचारलं. श्रवण, मी म्हटलं, कानाचं चित्र. तो बरं म्हणाला आणि संच कापायला घेतला.

रविवारी दुपारी आत्या आडवी झाली, तेव्हा मी नव्या संचातली ती नऊ कार्डं काढली आणि शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनखाली लपवली. नवी कार्डं झिजलेल्या जुन्यांपेक्षा जाड होती, त्यामुळे गठ्ठा कमी दिसत नव्हता. आत्याला फसवायची माझी ही पहिलीच वेळ होती.

तो पाचला पाच कमी असताना आला. इस्त्रीचा शर्ट, केस ओले, नखांत मात्र तोच निळा. आत्यानं त्याला बसवलं, पाणी दिलं, कार्डं पिसली आणि टेबलावर कमानीत पालथी पसरली. त्यानं बोटं एका टोकापासून हलकेच फिरवायला सुरुवात केली. मधेच एका कार्डावर ती थांबली. बराच वेळ थांबली. मग त्यानं हात उचलला आणि भलतीकडचंच एक कार्ड पुढे केलं.

कमळ. अनुराधा.

आत्यानं बोटांवर मोजलं. "चित्रा, स्वाती, विशाखा, अनुराधा... चौथं. चांगलं आहे." तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. मी एवढा मोठा श्वास सोडला की एक कार्ड उडालं.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "संच मीच कापलाय. श्रवणाचं कार्ड मी केसभर आखूड ठेवलं होतं. बोटाला लागेल इतकं. तेच उचलणार होतो... पण नाही उचललं. जन्मात पहिल्यांदा काहीतरी माझं म्हणून मिळणार होतं. ते असं चोरून नको वाटलं."

आत्यानं श्रवण शोधून दुसऱ्या कार्डाशेजारी लावून पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. रागावेल असं वाटलं होतं, पण तिचे डोळे निवले होते. "उचललं नाहीस ना? मग झालं," ती म्हणाली. "अनुराधा तुझं. खरंखुरं."

सगळं जमून आलं होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं. खणातली नऊ कार्डं उद्या हळूच परत ठेवली असती तर कुणाला कळलंही नसतं. आणि तो समोर अनुराधेचं कार्ड दोन्ही हातांत धरून बसला होता. कमळाची एकेक पाकळी बघत होता, ओठ हलवून नाव म्हणून बघत होता.

मला ते बघवेना. मी उठले, खण उघडला आणि नऊ कार्डं टेबलावर ठेवली.

"संच पुरा नव्हता," मी म्हटलं. "वाईट तेवढी मी काढून ठेवली होती."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या कार्डाकडे, आणि ते अलगद खाली ठेवलं. ते खाली ठेवताना त्याला किती जड गेलं हे मला दिसलं, आणि मला रडू फुटलं. आत्या मला एवढंच म्हणाली, की तुझ्याशी नंतर बोलते. अपुऱ्या संचातून उचललेलं धरायचं नाही, म्हणून तिनं सत्तावीसही कार्डं पुन्हा एकत्र केली. श्रवणाचं आखूड कार्ड पुन्हा हाताला लागू नये म्हणून त्याला टेबलाला हात न लावता नुसता आकडा सांगायला सांगितलं. पिसायला मात्र तिनं नेहमीपेक्षा फार वेळ घेतला.

"डावीकडून अकरावं," तो म्हणाला.

आत्यानं ते उलटलं. हातपंखा. पूर्वाषाढा.

मोजायची गरज नव्हती, तरी ती मोजत गेली, आणि सातव्या बोटावर थांबली. तिसरं नाही, पाचवं नाही, नेमकं सातवं. बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटा वाजली. मी आत्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला, पण ती कार्डाकडेच बघत होती.

"आत्या, मला हाच हवा आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "सातवा असू दे. तू नाही म्हणालीस तर मी रोज विचारीन, पण दुसरं कुणी मला नको."

एवढं आत्याला मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. त्यालाही नव्हते. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मग त्यानं आत्याला विचारलं, "पण हे माझंच ना? म्हणजे... आता बदलत नाही ना?"

"बदलत नाही," आत्या म्हणाली. "पण कळतंय का तुला? सातवं आहे. हिच्यापासून सगळ्यांत वाईट."

"कळतंय." त्यानं कार्ड उचललं आणि शर्टाच्या बाहीनं पुसलं. ते कोरं करकरीत होतं, पुसायला त्यावर काही नव्हतंच. "मी पूर्वाषाढेचा आहे," तो म्हणाला. असा हसला की मी त्याला तसं हसताना कधी पाहिलंच नव्हतं. "आणि ही मला खूप आवडते. दोन्ही सांगून टाकतो."

आत्यानं चष्मा काढून पदरानं पुसला. ती खोटं बोलणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी टेबलाची कड घट्ट धरून बसले.

"कार्ड वाईट आहे," ती म्हणाली. "उद्या कुणी विचारलं तरी मी वाईटच सांगणार. आणि मुलगा चांगला आहे. तेही सांगणार." मग ती त्याच्याकडे वळली. "बाईंना म्हणावं, पुढच्या रविवारी मी येते बोलायला. आणि तू जरा हिचं तोंड धुवून आण, काय ध्यान दिसतंय."

तो मला घेऊन मोरीपाशी आला, नळ सोडला आणि माझ्यासमोर ओंजळ धरून उभा राहिला. दुसऱ्या हातात कार्ड असल्यामुळे ती ओंजळ अर्धीच होती. ते खिशात ठेव की आता, मी म्हटलं. तर म्हणाला, थांब ना, अजून नीट बघितलं नाही.