आतून दाबलेलं बटण

एचएसआर लेआउटमधल्या त्या सोसायटीत क्षमाची निळी गाडी आता सगळ्यांच्या ओळखीची झाली होती. ऑफिसला निघताना क्षमा किल्लीचं बटण दाबायची, दारं उघडायची, आणि तिनं हँडलला हात लावला की खट्ट करून पुन्हा बंद व्हायची. मग भोंगा. चोर सापडल्यासारखा तो बोंबलायचा आणि वॉचमन यल्लाप्पा धावत यायचा. स्वतःच्या पगारातून घेतलेल्या पहिल्यावहिल्या गाडीनं अशी चारचौघांत अब्रू काढावी, याचा तिला भयंकर राग यायचा.

त्यात भर म्हणजे नवरा खाली यायचा, तीच किल्ली हातात घ्यायचा, आणि गाडी गुणी बाळासारखी उघडायची. "स्वल्प हळू दाब गं," वादिराज आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणायचा.

क्षमा सॉफ्टवेअरमधले दोष शोधून पोट भरणारी बाई. तिनं भुताखेतांचं नाव काढलं असतं तर ऑफिसात हसं झालं असतं. तिनं किल्लीतला सेल बदलला, घरातली दुसरी किल्ली वापरली, आसपासच्या वायफायचा त्रास नको म्हणून गाडी मैदानाशेजारी लावून पाहिली. भोंगा तिथंही वाजला.

शेवटी वादिराजकडून गाडी उघडून घेऊन ती बोम्मसंद्र्याच्या एका गॅरेजात गेली. मेकॅनिक शिवाप्पा निपाणीकडचा, त्यामुळे मराठीत बोलायची सोय. त्यानं स्कॅनर जोडला, पडद्याकडे पाहिलं, मग बराच वेळ पुढच्या डाव्या सीटकडे पाहिलं.

"लॉक बराबर हाय, अक्का. तुम्ही उघडताय, आन् आतनं कुणीतरी बंद करायचं बटण दाबतंय. आत हलल्यामुळं भोंगा वाजतोय."

"आत कोण असणार?"

"ते मला काय माहीत?" त्यानं वायर गुंडाळली. "गाडी उद्यापर्यंत ठेवा म्हणणार होतो. पर नको. आत्ताच न्या." दार त्यानंच उघडून धरलं.

होसूर रोडवर ऊन मी म्हणत होतं. क्षमानं डावीकडची एसीची झडप आपल्या बाजूला वळवली. पुढच्या सिग्नलला पाहिलं, तर ती पुन्हा रिकाम्या सीटकडे वळलेली.

बुडत्याला काडीचा आधार. दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या गणपतीच्या देवळात चालत गेली. नवी गाडी आली तेव्हा ऐन वेळी तिची मीटिंग निघाली होती आणि वादिराजनं एकट्यानंच पूजा उरकली होती. आता पुन्हा एकदा पूजा करून द्याल का, असं तिनं भटजींना विचारलं.

"निळी गाडी ना? झालीये की, अक्का. यजमानांनी संकल्पाला नाव सांगितलं होतं. सौम्या, रोहिणी नक्षत्र. तुम्हीच ना सौम्या?"

सौम्या ही वादिराजची पहिली बायको. क्षमाच्या लग्नाआधीच ती वारली होती.

घरी येऊन क्षमानं विचारलं तेव्हा वादिराजनं मान खाली घातली. "सवयीनं तोंडून गेलं गं."

सवयीनं! क्षमाच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी तिची, कष्ट तिचे, आणि देवापुढे नाव दुसरीचं. मेलेल्या बाईचा मत्सर करू नये हे तिला कळत होतं, पण फसवलं होतं ते जिवंत नवऱ्यानं.

"चल आत्ता," ती म्हणाली. "माझ्या नावानं संकल्प कर. माझ्यासमोर. नाहीतर मी आजच माहेरी जाते, आणि परत यायची नाही."

"सरी, करतो," म्हणून तो निघाला. देवळापर्यंत गाडी त्यानंच नेली. भटजींनी क्षमाचं नाव आणि नक्षत्र उच्चारलं, चाकांखाली लिंबं ठेवली. लिंबं चिरडायला गाडी पुढे घ्यायची होती. क्षमानं किल्ली मागून घेतली आणि बटण दाबलं. भोंगा वाजला नाही. ती आत बसली, आणि कितीतरी दिवसांनी तिला हायसं वाटलं. संसार आपला आहे असं वाटलं.

वादिराज डाव्या बाजूला आला.

खट्ट.

चारही दारं बंद झाली. क्षमाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

वादिराज काचेशी वाकला. क्षमाकडे त्यानं पाहिलंच नाही. तिच्या शेजारच्या सीटकडे बघत, क्षमाशी कधीच बोलला नव्हता इतक्या मऊ आवाजात तो म्हणाला,

"आज चालवू दे तिला. पूजेचं काय मनावर घेतेस? आपलं ठरलंय ना."

खट्ट. दारं उघडली.

पुढच्या दाराला हातही न लावता वादिराज मागच्या सीटवर जाऊन बसला.