शाल्मली आणि न उघडणारं दार

काल एका बोटाने उघडणारं दार आज दोन्ही हातांनी ओढूनही हलेना! शाल्मलीने पाय रोवून पुन्हा ओढलं.

दारापलीकडे चंद्रावरच्या वसाहतीची भाजीपाल्याची खोली होती. तिथे भिंतीला भोक पडून हवा निसटली होती. तिच्या शास्त्रज्ञ आजोबांनी भोकावर ठिगळ चिकटवलं खरं, पण मग ते मटकन खालीच बसले. दाराच्या काचेतून त्यांच्या मास्कचा काटा दिसत होता. प्राणवायू फक्त दहा मिनिटांचा!

"बटू, पुढे?" ती ओरडली.

बटू म्हणजे तिच्या कानात बोलून शिकवणारा यंत्रमानव. गणित असो की बुटाची नाडी, बटूने एक पायरी सांगायची आणि मुलांनी "पुढे?" म्हणायचं, हीच इथली रीत. आज मात्र बटू मुका! मोठी माणसं दूर खाणीवर, यायला अर्धा तास.

"अरे, पुढे?" तिला रडूच फुटलं. आजोबांनी डोळे मिटले होते.

रडता रडता तिने स्वतःलाच विचारलं, कालच्यापेक्षा आज वेगळं काय? दारावर हवा मोजणारे दोन काटे होते. ती उभी होती त्या बोगद्यातला शंभरावर, खोलीतला साठावर. म्हणजे आत हवा विरळ. बोगद्यातल्या हवेचा दाब (हवा ज्या जोराने ढकलते तो जोर) दार आत रेटून धरत होता.

अगं बाई, हा तर पोह्यांचा डबा! गरम पोहे डब्यात निवले की झाकण अस्संच बसतं. मग आई कडेला चमच्याचं टोक घालते. फुस्स! हवा आत शिरते, झाकण सुटतं.

इथे चमचा कुठला? दाराखाली झडपेचं (हवेची वाट उघडणाऱ्या झाकणाचं) लाल चाक होतं. पण आत हवा भरताना ठिगळ निघालं तर? चाक जरासं फिरवून तिने काचेतून पाहिलं. ठिगळ टिकलं होतं. आणखी जरासं. सत्तर... नव्वद... शंभर! दार उघडलं. तिने आजोबांना हाताला धरून उठवलं.

दोघं बोगद्यात आली तेव्हा आजोबांनी खोकत विचारलं, "बटूने सांगितलं?"

"नाही. मीच बघत बघत केलं. आजोबा, मी खूप घाबरले होते. अजूनही भीती वाटतेय."

"मीही घाबरलो होतो गं. पण तू स्वयंअध्ययन (स्वतःच प्रश्न विचारून, पडताळून शिकणं) केलंस. काय बदललं ते पाहिलंस, ओळखीचं आठवलंस, थोडं करून तपासलंस."

एवढ्यात बटू कानात खरखरला, "दार उघडण्याची पहिली पायरी..."

शाल्मलीने "पुढे?" म्हटलंच नाही. आजोबांचा हात घट्ट धरून ती ठिगळाकडे बघत होती.

"आजोबा, भोक पडलंच कसं?"

"मलाही ठाऊक नाही," आजोबा म्हणाले. "जरा दम घेऊ, मग दोघं मिळून शोधू."